टकटक करणारा इंजेक्टर आणि गप्प बसलेला इंजेक्टर

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली या भागात आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे निम्मे दुकान होय. कापडाचे गठ्ठे असोत, भांडी असोत, चपला-बूट असोत की मनिहारी सामान असो, पहाटे ते गाडीत भरायचे, पेरमिली, जिमलगट्टा किंवा भामरागडचा रस्ता धरायचा आणि रात्री उरलेला माल घेऊन परत यायचे, हाच इथला धंदा. ही गाडी बाजाराच्या आदल्या दिवशी टकटक करू लागली की मालकाची झोप उडते. गॅरेजमध्ये कोणीतरी बोनेट उघडतो, क्षणभर कान देतो आणि दोन शब्द बोलून मोकळा होतो, "इंजेक्टर गेले."

या दोन शब्दांची किंमत साध्या पेट्रोल गाडीत काही हजार रुपये असते. नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत चार इंजेक्टर बदलायचे म्हटले, तर लहान दुकानदाराचे ईद-दिवाळीच्या मालाचे भांडवल त्यात जाते. शिवाय आपला भाग आडवळणाचा. अहेरीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर, चंद्रपूरही तितकेच. नागपूरचा सुटा भाग मागवायचा तर निरोप, पैसे आणि एसटीची वाट पाहणे आले. प्राणहितेवर पूल झाल्यापासून कागजनगर-मंचेरियालकडचा माल जवळ आला, हे खरे. तरीही एक चुकीचा भाग मागवला की दोन बाजार हातचे जातात, आणि गेलेला बाजार कोणी परत देत नाही. म्हणून "इंजेक्टर गेले" हा निकाल मान्य करण्याआधी तो कोणत्या पुराव्यावर दिला, एवढे विचारण्यापुरती माहिती प्रत्येक गाडीमालकाजवळ असली पाहिजे. मिस्त्री बंधूंना तर ती असायलाच हवी, कारण त्यांची रोजी तिच्यावर आहे.

आधी इंजेक्टर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिनाला लागणारे तेल मोजून, योग्य क्षणी, बारीक फवाऱ्याच्या रूपात सोडणारी ही एक तोटी आहे. पूर्वी पेट्रोल गाडीत हे काम कार्बोरेटर करीत असे. इ.स. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसा कार्बोरेटर मोटारींतून गेला आणि एमपीएफआय नावाची पद्धत आली. मारुती ८०० आणि ओम्नी या आपल्या ओळखीच्या गाड्यांनाही ती बसली, आणि आज बाजार करणाऱ्यांच्या आवडीची ईको तर पहिल्यापासूनच त्या पद्धतीची आहे. डिझेल गाडीत मात्र इंजेक्टर सुरुवातीपासून आहे. आपले जुने मिस्त्री त्याला नोझल किंवा ॲटोमायझर म्हणतात. त्याच्या पंपाला ते 'मायको' म्हणत, कारण १९५१ साली बंगळूरला निघालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते छोटे नाव होते. या कंपनीचे नाव २००८ साली बॉश लिमिटेड झाले. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा तिचा कारखाना आपल्याच राज्यात नाशिकच्या सातपूरला आहे.

दाबाचे आकडे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढची सारी परीक्षा आणि सारा धोका त्यांच्यावर अवलंबून आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, म्हणजे दोन-सव्वादोन बार. एमपीएफआय पेट्रोल गाडीच्या नळीत सुमारे तीन ते चार बार दाब असतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत नोझल साधारण शंभर ते अडीचशे बारवर उघडते. आणि कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे ज्या गाडीवर 'सीआरडीई' किंवा 'सीआरडीआय' अशी अक्षरे असतात तिच्यात, हा दाब सोळाशे बार आणि त्याच्याही वर जातो. मोटारीत ही पद्धत जगात प्रथम १९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ या गाडीत आली. आपल्याकडे पुढच्या दहा वर्षांत ती जीप-मोटारींतून गावोगाव पोचली.

आता टकटक कशाची? पेट्रोल इंजेक्टरच्या पोटात तारेची गुंडाळी असते. तिच्यात वीज आली की लोहचुंबक होतो, लहानशी सुई उचलली जाते, पेट्रोल उडते, वीज थांबताच स्प्रिंग सुईला बैठकीवर आपटते. उचलताना एक ठोका, बसताना एक ठोका. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा म्हणजे मिनिटाला चारशे वेळा, सेकंदाला साडेसहा वेळा उघडतो. चारही मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा. शिवणाच्या मशिनीसारखा हलका, एकसारखा, कोरडा टिकटिकाट ऐकू येतो तो हाच, आणि तो इंजेक्टर जिवंत असल्याची खूण आहे. नव्या ढंगाच्या काही पेट्रोल गाड्यांत पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये शंभर-दोनशे बार किंवा अधिक दाबाने मारतात. त्यांचा टिकटिकाट शोरूममधून बाहेर पडतानाही मोठाच असतो. तसे असणे हा बिघाड नव्हे.

आवाज कोणाचा, ते आधी ठरवा

घोटाळा इथे होतो की इंजिनात त्याच तालावर वाजणारी आणखी मंडळी आहेत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी व्यवस्था, हीसुद्धा दोन फेऱ्यांत एकदाच हलते. तिच्यात फट वाढली की तिचा ठोकाही अगदी इंजेक्टरच्या तालात पडतो. नुसत्या ताल ऐकून निकाल देणारा म्हणूनच फसतो. सायलेन्सरच्या बाजूला मॅनिफोल्डचे गॅस्केट किंचित फुटले असेल तर सकाळी थंड इंजिनावर टकटक येते, आणि लोखंड तापून फुगले की फट मिटते व आवाज नाहीसा होतो. इंजेक्टरचा आवाज गार इंजिनावर आणि गरम इंजिनावर जवळपास सारखाच राहतो. टॅपेटचा बहुधा ऑइल जुने झाले, कमी झाले किंवा चुकीच्या जातीचे पडले की वाढतो. चढावर भार पडताच पेट्रोल इंजिन 'टिरटिर' करते, ते तर तेल अवेळी पेटण्याचे लक्षण, त्याचा इंजेक्टरच्या ठोक्याशी संबंध नाही. आणि पट्ट्यावर फिरणारी पुली, डायनॅमो, एसीचा कॉम्प्रेसर यांपैकी कोणी बोलत असेल, तर गार इंजिनाचा पट्टा काढून जेमतेम अर्धा मिनिट इंजिन चालवावे. आवाज बंद झाला तर चोर सापडला. यापेक्षा जास्त वेळ चालवू नये, कारण पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो.

यानंतर कान. डॉक्टरच्या नळीसारखी मेकॅनिकची नळी मिळते, पण ती नसली तरी अडत नाही. हातभर लांब पेचकस घ्या, टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवा, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावा. पंखा आणि पट्टा यांपासून दाढी, मफलर, ओढणी, बाह्या दूर ठेवा. एकेक इंजेक्टर ऐका. इथे आवाज किती मोठा हे पाहायचे नाही, चौघांचा आवाज एकमेकांसारखा आहे का हे पाहायचे. तीन टणटणीत वाजत असतील आणि चौथा मंद, दबलेला किंवा अगदी गप्प असेल, तर आजारी तो चौथा आहे. एकतर त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही, किंवा त्याची सुई चिकटली आहे. मालक तक्रार करतो टकटक करणाऱ्याची, आणि दोषी निघतो तो गप्प बसलेला, असे या कामात वारंवार घडते. मालेगाव-भिवंडीचा मागवाला कारखान्यात पाऊल टाकताच बिघडलेला माग ओळखतो, ते काही तो सर्वांत मोठा वाजतो म्हणून नव्हे. बाकीच्यांच्या चालीत त्याची चाल बसत नाही म्हणून.

गप्प इंजेक्टर सापडला तरी लगेच नवा मागवू नये. गाडी बंद करून त्याचे कनेक्टर काढा, मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक एमपीएफआय इंजेक्टरचा तो बारा ते सोळा ओहमच्या आसपास असतो, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा हाच खरा. चौघांचा जवळपास सारखा आला तर गुंडाळी शाबूत आहे. मग वायर आणि कनेक्टर पाहा. आपल्या जंगल भागात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर-घुशी कुरतडतात, पावसाळ्यात पिनांवर हिरवा गंज चढतो. स्कॅनरवर पी-०२०१ ते पी-०२०४ यांपैकी कोड आला तर तो अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या विजेच्या मार्गाविषयी आहे. नीट वाचा, 'मार्गाविषयी' आहे. तो कोड 'इंजेक्टर बदला' असे म्हणत नाही, दोष वायरीतही असू शकतो. शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसवणे. दोष त्याच्याबरोबर सरकला तर इंजेक्टर दोषी, जागेवरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष. ज्याला कापडाच्या ठाणातला डाग धाग्याचा की धुलाईचा हे ओळखता येते, त्याला हा हिशोब समजायला वेळ लागणार नाही.

पेट्रोल गाडीचा टिकटिकाट खरोखरच पूर्वीपेक्षा वाढला असेल, आणि चारही इंजेक्टर सारखेच वाजत असतील, तर कारण बहुधा स्वस्तातले असते. इंजेक्टर स्वतः फारसा आवाज करीत नाही. त्याचा ठोका रेलमधून, रेलचा नळीत, नळीचा गाडीच्या पत्र्यात जातो, आणि पत्रा ढोलकीसारखा वाजतो. म्हणून कंपनी इंजेक्टरखाली रबरी कडी आणि नळीला रबरी क्लिपा देते. रबर कडक झाले, क्लिप तुटली, किंवा मागच्या दुरुस्तीत कोणी ती बसवायचीच विसरला, की नळी पत्र्याला टेकते. आमच्या दुकानाच्या गाडीला एका शहरातल्या मोठ्या वर्कशॉपने चार नव्या इंजेक्टरचे एस्टिमेट लिहून दिले होते. अहेरीत एका तरुण मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून पेट्रोलची नळी दोन बोटांनी पत्र्यापासून किंचित ओढून धरली, आणि आवाज निम्मा झाला. रबराचा तुकडा आणि एक क्लिप, एवढ्यावर काम भागले. ती गाडी त्यानंतर दोन पावसाळे चालली, इंजेक्टर तेच.

ही बोटाची युक्ती प्रत्येकाने करून पाहावी, अर्थात पेट्रोल गाडीवर, आणि नळी कुठे झिरपत नाही याची आधी खात्री करून. बोनेटखालचे प्लॅस्टिकचे झाकण आणि फोम हेही आवाज दाबण्यासाठीच असतात. ते 'उगीच अडचण' म्हणून काढून टाकणारे मिस्त्री मला समजत नाहीत.

इंजेक्टर साफ करण्याविषयी बराच गैरसमज आहे. शहरात त्याची मशीन असते. इंजेक्टर ध्वनिलहरींच्या द्रवात धुतात, नंतर चार काचेच्या नळ्यांत एकाच वेळी फवारा मारून कोणाचे माप कमी भरते ते बघतात. गाडी मिसिंग करीत असेल, ॲव्हरेज घटले असेल, फवाऱ्याऐवजी धार पडत असेल, तर हे काम पैसे वसूल करते. धुतल्यावर रबरी ओ-रिंग आणि आतली बारीक जाळी नवी घालून घ्यावी. पण निरोगी इंजेक्टरचा टिकटिकाट धुण्याने जाणार नाही. 'आवाज बंद करून देतो' असे सांगून सफाई विकणाऱ्याला दुरूनच सलाम करावा.

डिझेलचा खडखडाट

डिझेलची गोष्ट वेगळी आहे. इथे ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल मारले जाते आणि ते आपोआप पेटते. फवारा सुरू झाल्यापासून पेट घेईपर्यंत हजारांश सेकंदाचा उशीर होतो. तेवढ्यात जमलेले डिझेल एकदम भडकते, दाब झटक्याने वाढतो आणि हातोड्यासारखा ठोका बसतो. उशीर जितका मोठा तितका ठोका मोठा. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गार इंजिन जास्त खडखडते आणि तापले की शांत होते. हा बिघाड नाही. कॉमन रेलवाल्यांनी या ठोक्यावर सुरेख तोड काढली. मुख्य फवाऱ्याच्या किंचित आधी एक अगदी छोटा फवारा मारायचा, त्याने आत आग तयार ठेवायची, मग मुख्य डिझेल येताच न भडकता पेटते. जुनी कमांडर जीप आणि नवी सीआरडीई गाडी यांच्या आवाजातला फरक बराचसा या चिमूटभर फवाऱ्याचा आहे. आता ध्यानात येईल की कॉमन रेल इंजेक्टर झिजला की आधी आवाज का बदलतो. चिमटीचे माप बिघडते, आणि गाडी पुन्हा जुन्या जीपसारखी बोलू लागते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीवर परीक्षा सोपी आहे. इंजिन हळू चालू ठेवून एका इंजेक्टरच्या नळीचे युनियन नट अर्धा फेरा ढिले करा. त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर झिरपेल, सिलिंडर बंद पडेल. ठोका नाहीसा झाला तर तो त्याच सिलिंडरच्या जळणाचा होता, म्हणजे नोझल संशयित. इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. चारही आळीपाळीने ढिले करूनही ठोका तसाच राहिला, तर नोझलचा नाद सोडा आणि बेअरिंग, पिस्टन, टॅपेट यांच्याकडे वळा. आणि सर्वच सिलिंडर सारखे ठोकत असतील तर पंपाचे टायमिंग पाहा. पिकअप वाढावा म्हणून टायमिंग पुढे करून देणारे कारागीर आहेत. मालक चार दिवस खूश असतो आणि हेड गॅस्केट महिन्यात हिशोब मागते.

कॉमन रेल गाडीवर मात्र चालू इंजिनात कोणतेही नट ढिले करायचे नाही, कधीही नाही. सोळाशे बारची डिझेलची धार कातडे भेदून हातात शिरते. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे, आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. अशी इजा झाली तर मलमपट्टीवर न थांबता तात्काळ शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात जावे लागते. हात गेल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवायचे ठरले तर रस्त्यातच किती तास जातात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून, हात फिरवून नव्हे. इंजेक्टरची कनेक्टर चालू इंजिनात उपटण्याची सवयही सोडावी, काही गाड्यांत तिथे जबर विजेचा दाब असतो. एकेक सिलिंडर बंद करून पाहण्याची सोय चांगल्या स्कॅनरमध्ये असते, तीच वापरावी.

कॉमन रेलची गरिबाची परीक्षा म्हणजे परतीच्या तेलाचे माप. प्रत्येक इंजेक्टर थोडे डिझेल परत टाकीकडे सोडतो. त्या चारही तोंडांना सारख्या नळ्या जोडून सारख्या बाटल्यांत सोडा, काही मिनिटे इंजिन चालवा आणि बाटल्या शेजारी ठेवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली, तर त्या इंजेक्टरचे पोट झिजले आहे. सर्व बाटल्या सारख्या असतील तर चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला बाटल्या दाखवाव्यात. किती मिनिटे, कोणत्या वेगावर, आणि आपल्या जातीच्या इंजेक्टरला ही परीक्षा चालते का, हे आधी कंपनीच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

आणखी एक आवाज आहे, छुक-छुक असा, आगगाडीसारखा. तो बहुधा इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरचा. वॉशर गळू लागले की जळालेला वायू बाजूने निसटतो, बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. बुडाभोवती थोडे साबणाचे पाणी सोडले की बुडबुडे दिसतात. वॉशरची किंमत चहा-नाश्त्याएवढी, पण दुर्लक्ष केले तर इंजेक्टर त्या काळ्या थरात असा अडकतो की उपटताना मोडतो. वॉशर दरवेळी नवे घालावे, बैठक खरवडून स्वच्छ करावी, आणि पकड टॉर्क पान्याने मोजून घट्ट करावी. 'हाताचा अंदाज' इथे चालत नाही.

यांत्रिक नोझल उतरवले तर हातपंपाच्या टेस्टरवर लावून घ्यावे. निरोगी नोझल उघडताना कर्र असा कंप करते, फवारा धुक्यासारखा पडतो, टोक कोरडे राहते. मुकाट्याने धार सोडणारे आणि टोकाशी थेंब धरणारे नोझल वाईट. असा थेंब पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकतो. इथेही पाहा, आवाज करणाराच निरोगी निघाला.

मलमलने गाळलेले डिझेल

आतल्या गावांत पंप दूर पडतो, म्हणून कॅनमधले, ड्रममधले सुटे डिझेल घ्यावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाली की दुसरा इलाजही नसतो. पुष्कळ बंधू ते कापडातून गाळून घेतात आणि निश्चिंत होतात. कापड हा माझा विषय आहे, म्हणून हिशोब मांडतो. चांगल्या मलमलीत इंचाला ऐंशी धागे धरा. इंच म्हणजे साडेपंचवीस मिलिमीटरला थोडा कमी, तेव्हा एका धाग्याच्या वाट्याला सुमारे तीनशे सतरा मायक्रॉन जागा येते. निम्मी जागा धाग्याने अडवली तरी दीडशे मायक्रॉनचे भोक उरते. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. आणि इंजेक्टरच्या पोटातली सुईची फट दोन ते चार मायक्रॉन. म्हणजे मलमलीतून निसटलेला कण त्या फटीच्या चाळीस-पन्नास पट मोठा असू शकतो. दुहेरी घडी केली तरी पानकाडी आणि माशी अडेल, इंजेक्टरचा वैरी अडणार नाही. पाणी तर मुळीच अडणार नाही.

तो वैरी अडवतो फक्त गाडीचा फिल्टर, आणि आपण बचत नेमकी तिथे करतो. कंपनीने दिलेला फिल्टर मुदतीत बदलावा, सुटे डिझेल वापरणाऱ्याने मुदतीच्या आधीच. फिल्टरखालच्या स्क्रूने पाणी काढण्याची सोय असते, पावसाळ्यात ते दर आठवड्याला काढावे. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होते.

रॉकेल मिसळलेले डिझेल आवाजावरून कळते, कारण ते उशिरा पेटते आणि इंजिन कर्कश होते. शिवाय रॉकेलमध्ये वंगण कमी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले, त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्षात पन्नासवरून दहापर्यंत उतरले. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक चिकटपणाही कमी होतो, तो भरून काढायला रिफायनरीत वेगळे द्रव्य घालतात. भेसळ करणारा ते द्रव्य घालत नाही. सुई आणि पंप कोरडे घासले जातात. डिझेलमध्ये टू-स्ट्रोकचे ऑइल टाकून आवाज बसवण्याचा उपायही चालतो. जुन्या जीपवर त्याने चार दिवस बरे वाटेल, पण बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमधल्या धूर-गाळणीत त्या ऑइलची राख बसते, आणि ती गाळणी इंजेक्टरपेक्षा महाग आहे.

पेट्रोलवाल्यांसाठी एवढेच की २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता पंपावर तेच मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल-पाणी टाकीच्या तळाशी वेगळे बसते आणि पंप आधी तेच ओढतो. पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी, झाकणाचे रबर नवे ठेवावे. २०२३ पूर्वीच्या गाडीत नळ्या आणि ओ-रिंगचे रबर फुगले-तडकले आहे का ते सर्व्हिसिंगच्या वेळी पाहून घ्यावे.

मिस्त्री बंधूंसाठी

आपल्या मुलांनी गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली कानाने शिकण्याची परंपरा आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण कानाने संशय घ्यावा आणि मापाने निकाल द्यावा, इतका बदल आता टाळता येणार नाही. सूरजागडच्या खाणीमुळे एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावर अवजड गाड्या वाढल्या, घरोघरी चारचाकी आली, कामाला तोटा नाही. तरीही 'स्कॅन करायला' म्हणून गाडी चंद्रपूरला जाते आणि तिच्याबरोबर गिऱ्हाईकही जाते. मल्टिमीटर, मेकॅनिकची नळी, टॉर्क पाना, चार बाटल्या आणि नळ्या ही सामग्री एका चांगल्या बाजाराच्या कमाईत बसते. खरा खर्च स्कॅनरचा आहे. मोबाइलला जोडायचे स्वस्त यंत्र कोड वाचते, पण पुष्कळ गाड्यांत इंजेक्टरचे दुरुस्ती-आकडे दाखवत नाही, म्हणून घेताना आपल्या भागात चालणाऱ्या गाड्यांवर ते चालवून पाहावे. एकट्याला जड जात असेल तर नेहमीचे सात-आठ गाडीमालक कामाचे आगाऊ पैसे देऊन ते उभे करू शकतात. रक्कम कामातून फेडली जाते, आणि व्यापाऱ्याची गाडी अहेरीतच तपासली जाते. हे सात-आठ जण एका बाजारात शेजारी-शेजारी पाल टाकून बसतातच.

कॉमन रेलचा इंजेक्टर बदललाच तर त्याच्या डोक्यावर छापलेला अक्षर-अंकांचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टरचे माप कारखान्यातून किंचित वेगळे निघते आणि तो कोड तेच सांगतो. कोड भरला नाही तर नवा इंजेक्टर जुन्यापेक्षाही जास्त ठोकू शकतो. मालकाने बसवण्याआधी त्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, काढलेला जुना इंजेक्टर मागून घ्यावा, आणि बिलावर चारही बाटल्यांची मापे लिहून घ्यावीत.